पवनचक्कीला बांधलेलं कंकण

रविवार, ११ मे १९८६. सकाळचे सहा वाजून गेलेले. हौदाजवळ हजर: मी, माझे वडील अप्पा, जांब समर्थच्या बाजूच्या गावाहून आठ दिवस आधीच आलेली अप्पांची थोरली बहीण म्हणजे आमची आत्या, अंबडहून बोलावलेला आचारी, त्या दिवशी मात्र पाहुणे म्हणून आलेले अंबडचेच मिस्त्री चाचा आणि माझी धाकटी बहीण. दुपारी साडेबाराला तिचं लग्न होतं. हळद लागलेल्या नवरीने मांडवाबाहेर यायचं नसतं, पण आचाऱ्याचा आवाज घरात गेला होता आणि ती आली होती.

"मास्तर," आचारी म्हणत होता, "हौदात पाणी गुडघ्याएवढं बी न्हाई. वरण कशात शिजवू? पंगतीला काय पाजू?"

मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि लग्नाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. माझ्या सदऱ्याच्या खिशात कामांची यादी होती. पत्रावळी, कंदील, बँडवाल्यांची झोपायची सोय, व्याह्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मऊ भात, सगळं त्यात होतं. पाणी नव्हतं. पाणी हे काम आहे असं मला त्या वर्षी वाटलंच नव्हतं, कारण आमच्या गावात पवनचक्की होती.

तिच्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. चौदा महिन्यांपूर्वी गावाच्या कडेला, आमच्या घराजवळच्या बोअरवर सरकारी योजनेतून ती उभी राहिली होती. लोखंडी मनोरा, वर पत्र्याच्या पात्यांचं मोठं चाक, चाकामागे पत्र्याचीच एक शेपटी. वारा आला की शेपटी चाकाला वाऱ्यासमोर धरायची, चाक फिरायचं, त्याला जोडलेली लांब सळई बोअरमध्ये वरखाली व्हायची आणि पाणी हौदात पडायचं. चक्की थांबवायची असेल तर मनोऱ्याच्या पायाशी एक दांडा होता. तो खाली ओढला की वरपर्यंत गेलेली तार शेपटीला मुडपायची, चाक वाऱ्याला पाठमोरं नाही, पण कडेनं व्हायचं आणि उभं राहायचं. ना तेल, ना वीज. विजेचे खांब आमच्याकडे होते, वीज कधीकधी असायची.

दांड्याची जबाबदारी माझी होती. रोज शाळेत जाताना आणि येताना मी हौदाची पातळी काठीने मोजत असे आणि वारा कसा होता ते वहीत लिहीत असे. चौदा महिन्यांत मला एवढं कळलं होतं की मार्गशीर्ष-पौषात ही बाई रुसते आणि होळीनंतर सुधारते. आणि ज्या वैशाखात आमच्या विहिरी तळ दाखवतात त्याच वैशाखात वारा सगळ्यात जास्त काम करतो. हे मला मोठंच वाटायचं. जिथे पाणी नाही तिथे ऊन आणि वारा भरपूर, आणि त्यातला एक आता कामाला लागला होता.

पण ती अजून परीक्षेवर होती. तालुक्याच्या साहेबांनी बसवतानाच सांगितलं होतं, दोन वर्षं नीट चालली तर आजूबाजूच्या आणखी दोन गावांना देऊ. त्यातलं एक गाव टेकडीवरचं. तिथल्या बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी टेकडी उतरून ओढ्यातल्या झऱ्यावर जायच्या आणि भरल्या घागरी घेऊन चढून यायच्या. त्याच गावात माझी बहीण दिली होती. सोयरीक जुळताना चक्कीचा विषय कोणी काढला नव्हता, पण मी मनात हिशेब मांडून ठेवला होता: चक्कीचे अजून दहा महिने नीट गेले की तिच्या डोक्यावरची घागर उतरेल. शिवाय त्या दिवशी वऱ्हाडाबरोबर त्यांचे सरपंचही येणार होते, मुद्दाम चक्की बघायला.

आणि चक्की उभी होती. वारा मात्र चांगला होता. मांडवाचं कापड फडफडत होतं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी हळदीच्या आधी आत्याने घरातलं जातं, उखळ, मुसळ यांची पूजा करून त्यांना कंकण बांधलं. पिवळं सूत, हळकुंड, आंब्याची पानं. मग ती हौदावर आली. "समद्या गावाला पाणी पाजती, हिला कसं इसरायचं," म्हणाली. "पर फिरत्या चाकाची पूजा करत न्हाईत. उभी कर जरा."

मी दांडा खाली ओढला. आत्याने कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मुसळाला बांधतात तसंच कंकण दांड्याला बांधलं. नुसतं दांड्याला नाही. दांडा आणि मनोऱ्याचा पाय एकत्र घेऊन पाच वेढे दिले. मी तेव्हा बँडवाल्याशी बोलत होतो. हौद काठोकाठ भरलेला होता, म्हणून संध्याकाळपर्यंत लक्षातही आलं नाही. संध्याकाळी दांडा सोडायला गेलो तर आत्या म्हणाली, "हात लावू नको. काकन आता लग्न लागल्यावर नवरा-नवरीच सोडतील." मला वाटलं, भरलेला हौद पुरेल. हळदीची अंघोळ, पाहुण्यांची अंघोळ, गावाची आणि पाहुण्यांची गुरं, भांडी. पुरला नाही.

तर रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही सहाजण त्या दांड्याभोवती उभे होतो.

"सूत हाये, आत्या," मी म्हटलं. "तोडतो आणि परत बांधतो. पाच मिनिटं."

"तोड की," आत्या म्हणाली. "तूच तोड. मंग उद्या पोरीला काय झालं तर तूच निस्तर. लई शिकलास."

थोरल्या बहिणीपुढे अप्पा साठाव्या वर्षीही बोलत नसत. मी बहिणीकडे पाहिलं. वाटलं, ती तरी म्हणेल तोड. पाण्याला तिलाच तर जायचं होतं.

"दादा, नको रे तोडू," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आजच्या दिवस नको."

मी घड्याळ पाहिलं. वऱ्हाड नऊला येणार. रिकामा हौद भरायला चांगल्या वाऱ्यात चार तास. बैलगाडीवर पिंपं ठेवून लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर दोन माणसं पाठवली होती. ते पाणी गढूळ येणार हे माहीत होतं.

मिस्त्री चाचा इतका वेळ विडी ओढत मान वर करून मनोऱ्याकडे बघत होते. पंप, इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा अंबडात कोणी नव्हता. लग्नासाठी म्हणून त्यांनी इस्त्रीचा पांढरा पायजमा घातला होता.

"मास्तर, धागा तोडायचा न्हाई ना? ठीक. मंग धाग्याला हातच लावू नका," ते म्हणाले. "तारेला दोन टोकं असतात. खालचं टोक आत्याबाईचं. वरचं माझं."

आत्याने जरा विचार केला. "काकन शाबूत राह्यलं म्हंजे झालं."

"बिलकुल शाबूत. पर मास्तर, एक गोष्ट बराबर ध्यानात ठेवा. वरून तार सोडली की हिला लगाम न्हाई. तुम्ही दांड्यावर बसून राह्यले तरी ती थांबायची न्हाई."

"परत कधी जोडायची?"

"उभी राहील तवा. फिरत्या पंख्याजवळ म्या जात न्हाई. घरी बायको वाट बघून राह्यली."

आचारी हसला. मला हसू आलं नाही. वारा संध्याकाळी दिवस मावळताना पडतो, माझी वही सांगत होती. म्हणजे तेरा तास चक्की बिनलगामाची. मी म्हटलं, सोडा.

चाचा पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून वर चढले. पान्ह्याने तारेचा चिमटा ढिला केला, तार मनोऱ्याच्या पट्टीला गुंडाळून ठेवली. शेपटी सरळ झाली, चाक वाऱ्यासमोर आलं. चाचा झरझर खाली येईपर्यंत नळीतून पहिली धार पडली होती. पायजम्याला ग्रीसचा लांबलचक डाग. "आता फोटोत मला मागं उभं करा," म्हणाले.

यादीच्या शेवटी मी लिहिलं: शेपटीची तार जोडणे.

वऱ्हाड साडेनऊला आलं, अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या दोन ट्रॉल्यांतून. उसाचा हंगाम संपला होता, ट्रॉल्या मोकळ्या होत्या. व्याही उतरले ते मांडवाकडे न जाता सरळ हौदाकडे. त्यांच्यामागे सरपंच. व्याही बारीक, उंच, कमी बोलणारे. त्यांनी धारेखाली हात धरला, पाणी तोंडावर मारलं, थोडं प्यायले.

"वारा पडला की काय करता, मास्तर?"

"हौद भरून ठेवतो."

"आन् वारा लई झाला की?"

मी त्यांना दांडा दाखवला. हळकुंड आणि आंब्याची पानं बांधलेला. "हा ओढायचा. शेपटी मुडपते, चाक थांबतं."

यातला एकेक शब्द खरा होता. त्यांनी दांड्याला हात लावून तो हात कपाळाला लावला.

"आमच्या टेकडीवर वारा माणसाला उभं राहू देत न्हाई," सरपंच म्हणाले. "तिथं नुसतं धोतर बांधलं तरी ते पाणी काढंल. पर साहेब म्हणतो, आधी ह्या चक्कीचं काय होतं ते बघू."

"बघा की," मी म्हटलं. "चालूनच राह्यली."

लग्न वेळेवर लागलं. पंगती चार उठल्या. पाणी कमी पडलं नाही; उरलं. मला कोणी विचारलं असतं मांडवात काय काय झालं तर सांगता आलं नसतं, कारण अक्षता टाकतानासुद्धा माझे कान चक्कीकडे होते. तिचा एक ठरलेला आवाज होता, खट आणि मग थोडं थांबून खट. तो आवाज सारखा येतोय ना, जलद तर होत नाही ना, एवढंच. तीनला मी चाचांना गाठलं.

"उभी राह्यली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग मी बसलेलाच बरा."

चारच्या सुमाराला आत्या नवरा-नवरीला घेऊन हौदावर आली. कंकण एका हाताने सोडायचं असतं. बहिणीने डावा हात पाठीमागे धरून उजव्या हाताने गाठ सोडायला घेतली. बायका चिडवत होत्या. "अगं, दातानं सोड." "नवऱ्याला बोलीव, त्याला दोन हात हायेत." पाचवा वेढा निघाला आणि दांडा मोकळा होऊन नुसता लोंबला. हसण्याखिदळण्यात तो लोंबता दांडा कोणी पाहिला नाही. चाचांनी पाहिला, मी पाहिला.

पाठवणीची तयारी चालू असताना, पाचच्या आत, नैर्ऋत्येकडून आभाळ तांबडं झालं. पाऊस नव्हता, धूळ होती. मी चाचांकडे पळालो. त्यांनी वर पाहून फक्त मान हलवली. आम्ही दोघांनी लोंबत्या दांड्याला उगाच धरून पाहिलं. मी तो ओढलाही. काहीच जड लागलं नाही.

"मास्तर, लोकांना हितून काढा. जल्दी."

बायकापोरं, वऱ्हाडी, बँडवाले, सगळ्यांना मी शाळेच्या व्हरांड्यात कोंबलं आणि खिशातली वऱ्हाडाची यादी काढून मोठ्याने हजेरी घेतली. कोणीतरी म्हणालं, मास्तर लग्नात बी शाळाच घेऊन राह्यला. नवरा होता. व्याही होते. नवरी नव्हती. ती ट्रॉलीत बसून राहिली होती, ओटीतल्या तांदळावर पदर धरून. तिला हाताला धरून आणलं तेव्हा खट-खटचा आवाज राहिलाच नव्हता. एकच सलग खडखडाट चालू होता. मग काहीतरी तुटल्याचा आवाज आला. सळई तुटली होती. चाकाला आता उचलायला काहीच ओझं नव्हतं आणि ते दिसेनासं झालं. नुसती एक राखाडी गोल तबकडी. पहिलं पातं उडालं ते नांगरलेल्या रानात जाऊन उभं रुतलं. आणखी तीन वाकली. पंधरा मिनिटांत वारा ओसरला.

कोणाला ओरखडाही आला नाही. आत्या म्हणाली, "बघ, काकन सोडेपर्यंत राह्यली बिचारी." ट्रॉलीत चढताना व्याह्यांनी मोडलेल्या चाकाकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे.

पंधरा दिवसांनी साहेब आले. सज्जन माणूस. हौदाच्या कठड्यावर बसून त्यांनी कागद काढला. मी तयारीने गेलो होतो. चौदा महिन्यांची वाऱ्याची वही काखेत होती.

"गुरुजी, वादळाच्या वेळी दांडा ओढला होता का?"

चाचांची आठवण झाली. सरकारी यंत्राची तार त्यांनी माझ्या सांगण्यावरून सोडली होती, आणि तालुक्यातल्या सरकारी पंपांच्या दुरुस्तीवर त्यांचं घर चालायचं. आत्याची आठवण झाली. बहिणीची झाली, नव्या सासरी तिच्या कंकणाची गोष्ट कशी सांगितली जाईल याची झाली. हे सगळं खरं आहे. पण सगळ्यात आधी आठवलं ते मी व्याह्यांना दांडा दाखवत होतो ते.

"ओढला होता," मी म्हटलं.

साहेबांनी शेरा लिहिला: दांडा ओढूनही यंत्र थांबले नाही, या भागातील वारा बेभरवशाचा. खाली देखभाल करणारा म्हणून माझी सही. वही त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही.

चक्की दुरुस्त झाली नाही. पुढच्या वर्षी बोअरवर हातपंप बसला. आमचं भागलं. टेकडीवरच्या गावाचा अर्ज परत आला, कारण म्हणून आमच्याच चक्कीचा शेरा दिला होता. बहीण दिवाळीला यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवाळीला तिची वेणी घालताना आई म्हणाली, टाळूवर केस विरळ झाले. घागरीखालच्या चुंबळीने होतात तसे. बहीण म्हणाली, "आमच्या गावात समद्या बायांचे तसेच हायेत." टेकडीवर नळ यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. त्या गावचा वारा तेवढी वर्षं नुसता वाहत राहिला.

नव्वदीनंतर पवनचक्क्यांचे फोटो वर्तमानपत्रात दिसू लागले. शाळेची सहल घेऊन साताऱ्याकडे गेलो तेव्हा पठारावर त्या प्रत्यक्ष पाहिल्या. तीन-तीन पात्यांच्या, पांढऱ्या, आमच्या शाळेएवढं एकेक पातं. पाणी काढणाऱ्या नव्हेत, वीज करणाऱ्या. मुलं मोजत होती. मी प्रत्येकीच्या शेपटीकडे पाहत होतो आणि त्यांना शेपटीच नव्हती. सोबतच्या तरुण शिक्षकांनी सांगितलं, वारा जास्त झाला की त्या आपोआप थांबतात. मी विचारलं, आपोआप म्हणजे कोणी ओढायला लागत नाही? ते म्हणाले, नाही सर. त्या रात्री मुक्कामी मला बराच वेळ झोप लागली नाही.

गेल्या वर्षी बहिणीच्या गावच्या टेकडीवर वारा मोजायचा उंच खांब उभा राहिला. त्याच्याबरोबर आलेला तरुण इंजिनिअर बहिणीच्या अंगणात चहाला येतो. परवा तिचा फोन आला.

"दादा, तो साहेब विचारून राह्यला, तिकडं अंबडच्या बाजूला जुनी चक्की व्हती ती का बंद पडली. त्याच्या कागदात लिवलंय म्हणं, इकडचा वारा भरवशाचा न्हाई. म्हणून आमची टेकडी त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. तुझ्याकडं वही हाये ना? त्याला एक पत्र लिहून दे की, नेमकं काय झाल्तं ते."

"तुला काय वाटतं, काय झाल्तं?"

"वारा लई झाल्ता," ती म्हणाली. "तू तर दांडा ओढल्ता."

आत्या जाऊन बारा वर्षं झाली. चाचाही गेले. ज्यांच्यासाठी गप्प बसलो असं मी मला सांगत आलो, त्यांच्यापैकी कोणाचं आता काही बिघडणार नाही. व्याही आहेत. ऐंशी ओलांडली, कान शाबूत आहेत. पत्र आलं की ते अंगणातच वाचलं जाईल, मोठ्याने, आणि ते ओसरीवर बसलेले असतील.

पोळा झाला की खांब उतरवणार आहेत. त्याआधी पत्र पोचलं पाहिजे. मी मुद्दे काढले आहेत. पहिला, यंत्र कधी बसलं आणि किती महिने चाललं. दुसरा, महिनावार वारा, वहीतून उतरवून. हे झालं आहे, चार पानं भरली. चौथा, तुमच्या टेकडीवर वारा आमच्यापेक्षा जास्त आहे असं तिथल्या सरपंचांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिसऱ्या मुद्द्यात एवढंच लिहिलं आहे: दांडा ओढलेला होता, परंतु तार. पुढचं वाक्य अजून लिहायचं आहे.